महाग पेट्रोल इंजिन खरंच साफ ठेवतं का?

नमस्कार मंडळी! आधी हे बघा, कॅमेऱ्याजवळ आणतो. हा इनटेक व्हॉल्व्ह आहे, म्हणजे इंजिनात हवा आत सोडणारी झडप, वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजमध्ये परवा माझ्यासमोर काढलेला. दांड्यापाशी हे काळं काय धरलंय, दिसतंय? पातेल्याच्या बुडाला दूध लागलं की खरवड धरते ना, अगदी तशी. नखाने खरडतोय, हलतसुद्धा नाही. आणि या गाडीत पहिल्या दिवसापासून महागातलंच पेट्रोल भरलं जात होतं.

मग पैसे फुकट गेले का? थांबा, इतकं सोपं नाही ते.

घोडबंदर रोडला पंपावर गाडी लावली की विचारतात, "सर, स्पीड टाकू की साधं?" बहुतेकांना वाटतं महाग म्हणजे ताकद जास्त. ती ऑक्टेनची गोष्ट. ऑक्टेन म्हणजे इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटू न देण्याची क्षमता. तुमच्या मॅन्युअलमध्ये ९१ चालेल असं लिहिलं असेल, तर ९५ टाकून गाडी पळायला लागत नाही. महाग पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवायला डिटर्जंट घालतात, ती वेगळीच चीज. त्याच्या रेणूचं एक टोक घाणीला चिकटतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळतं. कपड्याच्या साबणासारखंच काम.

अमेरिकेत १९९५ पासून प्रत्येक पेट्रोलमध्ये ठरावीक डिटर्जंट सक्तीचं आहे. ते प्रमाण पुरत नाही म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून 'टॉप टिअर' नावाचा जास्त कडक दर्जा आणला. २०१६ मध्ये तिथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने चाचणी घेतली. सुमारे ६,४०० किलोमीटरइतकं इंजिन चालवल्यावर, टॉप टिअर नसलेल्या पेट्रोलने सरासरी १९ पट जास्त थर जमला. म्हणजे डिटर्जंटने फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

मग हा व्हॉल्व्ह असा का? कारण ही टर्बो जीडीआय गाडी आहे, डायरेक्ट इंजेक्शनची. साध्या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे बसतो, पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हवर पडतो आणि तो धुतला जातो. जीडीआयमध्ये फवारा थेट सिलिंडरच्या आत, म्हणजे जिथे पेट्रोल जळतं तिथेच. व्हॉल्व्हला पेट्रोल शिवतच नाही. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागातून, येणारी ऑइलची वाफ मात्र त्याच्यावर बसते, भाजते आणि घट्ट होते. ती कुठल्याच पेट्रोलने निघणार नाही. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोताने मारून साफ करावी लागते.

तरीही जीडीआयवाल्यांनो, डिटर्जंट सोडू नका. तुमच्या इंजेक्टरचं टोक जळत्या सिलिंडरमध्ये असतं आणि त्याची भोकं पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक. तिथे थोडा जरी थर धरला तरी फवारा वाकडा पडतो. आणि आपलं ठाणं बघा! गायमुखला तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडायचं, मग तापलेलं इंजिन तसंच बंद करायचं. टोकाशी उरलेलं पेट्रोल त्या उष्णतेने सुकतं आणि मागे चिकट राळ राहते. छोट्या-छोट्या फेऱ्यांत हे रोज घडतं.

माझ्या बाबांची गाडी साध्या इंजेक्शनची आहे. माजिवड्याच्या सिग्नलला ती थरथरायची. मी सलग चार टाक्या डिटर्जंटवालं पेट्रोल भरलं, तिसऱ्या टाकीला थरथर गेली. आता दर चौथी टाकी तशी भरतो, बाकी साधंच. लिटरमागे आठ रुपये फरक धरला तर ३५ लिटरला २८० रुपये होतात. दर वेळी एवढे घालायची मला गरज वाटत नाही. जीडीआय असती तर इंजेक्टरसाठी मी एक टाकी आड भरलं असतं, आणि ५०-६० हजार किलोमीटरला मेकॅनिककडून आत कॅमेरा घालून व्हॉल्व्ह बघून घेतले असते.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्याबद्दल पुढच्या व्हिडिओत सविस्तर बोलू. तोवर मॅन्युअल उघडा आणि तुमचं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे तेवढं बघून ठेवा.