अजिंठा: रंगांवर चढलेला थर

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याच्या दाराजवळ, हातात कमळ घेतलेला पद्मपाणी बोधिसत्त्व आहे. हे चित्र थेट दगडावर काढलेले नाही. बेसॉल्टची भिंत खडबडीत ठेवून तिच्यावर माती, वाळू, भाताचे तूस आणि गवत एकत्र मळून केलेला गिलावा चढवला गेला, त्यावर चुन्याचा अगदी पातळ हात दिला गेला, आणि तो सुकल्यानंतर सरसात कालवलेले रंग भरले गेले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळ्या रंगासाठीचा लाजवर्द मात्र दूरदेशीहून आलेला.

म्हणजे पाचव्या शतकातील ही चित्रे आजही मातीच्या गिलाव्यावर टिकून आहेत. कड्याच्या भेगांतून पावसाचे पाणी झिरपले की तो फुगतो, सुकला की आकसतो आणि दगडापासून सुटू लागतो. त्यातील काड्या किडे खातात. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू सापडले असून, त्यांमुळे तिथला गिलावा किडीपासून बऱ्याच अंशी वाचला, असे अभ्यासकांनी 2016 साली मांडले.

माणसानेही हानी केली. 1819 साली इथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील रंगवलेल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. पण त्याहून गुंतागुंतीची गोष्ट आहे ती सद्हेतूने केलेल्या कामाची. 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. पुढे, 1920 ते 1922 या काळात, हैदराबादच्या निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेल्या गिलाव्याच्या कडा पक्क्या केल्या, आणि ते झाले नसते तर कितीतरी चित्रे खाली पडली असती, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यांनीही रंगांवर लाखेचा थर दिला. तो थर काळाच्या ओघात पिवळा, मग तपकिरी झाला. त्याने धूळ आणि काजळी धरून ठेवली, आणि आकसताना खालच्या रंगाचे पापुद्रेही ओढले.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या कामाचा मोठा भाग हा थर उतरवण्यात गेला आहे. सरसातले रंग पाण्याने निघून येतात, म्हणून द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा इंचाइंचाने फिरवावा लागतो, आणि कुठे थांबायचे याचा निर्णय प्रत्येक ठिकाणी नव्याने घ्यावा लागतो. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील, अजिंठ्यातील सर्वांत जुनी चित्रे अशाच परिश्रमांनी पुन्हा दिसू लागली.

1983 साली अजिंठा जागतिक वारसा यादीत गेला. आता खासगी वाहने फर्दापूर फाट्यावरच थांबतात आणि तिथून बस जाते. फ्लॅशला बंदी आहे. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी 40 माणसांची मर्यादा आहे. बंदिस्त दालनात माणसांच्या श्वासाने हवेतील दमटपणा वाढतो, म्हणून बाहेरची रांग कितीही लांबली तरी हा आकडा वाढता कामा नये; उलट पावसाळ्याच्या महिन्यांत तो आणखी खाली आणायला हवा.