बोलोन्याच्या मंडईतून टोमॅटोच्या सारापर्यंत

नमस्कार मंडळी! मी सध्या इटलीत, बोलोन्यात आहे. तीन आठवड्यांसाठी भाड्याने घेतलेल्या घरातलं हे स्वयंपाकघर. दोन पातेली, एक मोका पॉट (कॉफी करायचं इटालियन भांडं) आणि एक सुरी, बस्स. परदेशात राहायचं तर रोज बाहेर का जेवायचं? थोडं पण अस्सल सामान आणा आणि घरीच रांधा. चला, दाखवते.

(तुकडा कॅमेऱ्याजवळ धरून) हे पार्मिजानो रेज्जानो, इथलं मुरवलेलं कडक चीज. आतले पांढरे ठिपके दिसतायत? बघून काहींना वाटतं, चीज खराब झालंय. तसं नाही. चीज मुरताना त्यातली प्रथिनं फुटतात आणि टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असं खड्यांसारखं जमतं. दाताखाली मस्त कुरकुरतं. चांगलं मुरल्याची खूण आहे ही.

याचं एक चाक, म्हणजे चाकासारखा अख्खा गोल, साधारण 40 किलोचं, त्याला सुमारे 550 लिटर दूध लागतं. म्हणजे किलोमागे जवळजवळ 14 लिटर! किमान 12 महिने मुरवतातच. मी 24 महिन्यांचं घेतलंय. 36 महिन्यांचं आणखी कोरडं आणि तिखट लागतं. दुकानदार ते कापत नाही. बदामाच्या आकाराची बुटकी सुरी खुपसून फोडतो, म्हणून कडा अशी खडबडीत येते. सालीवर टोचून लिहिलेली ही अक्षरं पाहा, चीजचं नाव आहे. घेताना ती नक्की शोधा.

एक महत्त्वाचं. यात रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा वासराच्या पोटातला पदार्थ असतो. शाकाहारी असाल तर हे चालणार नाही. लेबलवर 'काल्यो वेजेताले' लिहिलेलं दुसरं चीज मागा, ते वनस्पतीजन्य रेनेटचं असतं.

आता मागायचं कसं? इथे 100 ग्रॅमला 'एत्तो' म्हणतात, आपल्याकडे अदपाव, पावशेर म्हणतो ना, तसंच. 'उन एत्तो' म्हणजे 100 ग्रॅम, 'दुए एत्ती' म्हणजे 200. शंभर ग्रॅम मागायला अजिबात लाजू नका. आणि चव घ्यायची असेल तर 'पोस्सो अस्साज्जारे?' असं विचारा. मला तर दोन वेगवेगळ्या वयांचं चीज शेजारी ठेवून खायला दिलं.

चीज क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतून घेतलं, पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकाला लागूनच आहेत त्या. भाजी मात्र उगो बास्सी रस्त्यावरच्या मेर्कातो देल्ले एर्बे या मंडईतून. तिथे पहिल्याच दिवशी मी सवयीने टोमॅटो दाबून बघायला गेले आणि भाजीवाल्या काकूंनी हळूच माझा हात बाजूला केला. इथे माल विकणाऱ्यानेच हाताळायचा. त्यांनी विचारलं, आज खाणार की उद्या? मी आज म्हटल्यावर एकेक टोमॅटो निवडून दिला, पूर्ण पिकलेला. तेव्हापासून मी निवडायचं त्यांच्यावरच सोडलंय.

किराण्यात 'फारीना दी चेची' शोधा. हे हरभऱ्याचं पीठ! काल त्याचं पिठलं केलं. आपल्या बेसनापेक्षा चव जरा सौम्य येते, म्हणून लसूण आणि मिरची सढळ हाताने घातली.

बाल्सामिको, म्हणजे द्राक्षांच्या रसाचं व्हिनेगर घेणार असाल तर लेबलवर 'त्रादित्सिओनाले' (पारंपरिक) शब्द आहे का बघा. ते किमान 12 वर्षं मुरलेलं असतं, 100 मिलीच्या छोट्या बाटलीत येतं आणि महाग असतं. थेंब थेंबच वापरायचं.

आता माझं आवडतं काम. चीज संपलं की साल फेकायची नाही. ती नैसर्गिकच असते, खाता येते. बाहेरून खरवडायची, धुवायची आणि टोमॅटोच्या सारात सोडायची. इथल्या घरांमध्ये ती भाज्यांच्या सुपात घालतात, मी सारात घालते. मीठ मात्र शेवटी, कारण साल स्वतःच खारट असते. जिरं आणि कढीपत्त्याची फोडणी आधीच दिलीय, कढीपत्ता पुण्याहून वाळवून आणलेला.

(झाकण काढत) पंचवीस मिनिटं झाली. साल मऊ पडलीय बघा, चमच्याने तुटतेय. थांबा, आधी चव घेते आणि मग सांगते मीठ किती घालायचं ते.