प्लॉटभर घर

(दृश्य: बैठ्या घरांची रांग. मधल्या एका प्लॉटवर पाडकाम चालू.)

जुनं बैठं घर पाडायला फार वेळ लागत नाही. तोवर शेजारीपाजारीही काही बोलत नाहीत. ज्याचं घर, त्याची मर्जी. कुजबुज सुरू होते ती वरच्या मजल्याचे खांब चढायला लागले की. आणि सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते: "एवढ्या मोठ्या घरात राहणार तरी कोण?"

खरं तर ही विचारपूस शेजाऱ्याने करायची नसतेच. आईवडील खालच्या मजल्यावर, मुलं वर, घरून काम करणाऱ्याला दार लावून बसता येईल अशी एक खोली. जागेची गरज खरी असू शकते. हौस असली तरी ती ज्याच्या त्याच्या पैशाने केलेली असते. पण या वाक्यामागे दुसरी एक तक्रार दडलेली असते, आणि ती रास्त असते. घर हद्दीच्या आत राहतं, त्याची सावली राहत नाही. नजर राहत नाही. पाणी तर नाहीच नाही.

(दृश्य: कुंपणावरून पलीकडच्या अंगणात सरकत जाणारी सावली.)

सावलीपासून सुरुवात करू, कारण ती मोजता येते. ३५ अंश उत्तर अक्षांश धरा. टोकियो आणि लॉस एंजेलिस साधारण याच पट्ट्यात येतात. डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवशी तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेएकतीस अंश वर असतो. ५ मीटर उंचीच्या बैठ्या घराची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे ८ मीटर पडते. त्याच जागी ९ मीटरचं घर उभं राहिलं, की ती पावणेपंधरा मीटरच्या आसपास पोचते. लहान प्लॉटवर एवढी मोकळी जागा असते कुणाकडे? मग ती सावली आधी शेजारचं अंगण व्यापते, मग भिंतीवर चढते आणि खिडकीतून आत शिरते. तेही ऐन थंडीत, ऊन हवंहवंसं वाटतं नेमकं तेव्हा.

जपानमध्ये हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेजाऱ्याचं ऊन अवाजवी अडवलं तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, हे त्या न्यायालयाने १९७२ साली मान्य केलं. १९७६ मध्ये इमारत कायद्यात सावलीचा नियमच आला. वर्षातला सगळ्यात लहान दिवस धरायचा आणि शेजारी किती तास सावली राहते ते काढायचं. बुटक्या घरांच्या वस्तीत हा नियम तीन मजली घरांना आणि ७ मीटरपेक्षा उंच वळचणीच्या घरांना लागतो. त्याशिवाय उत्तरेच्या हद्दीवर ५ मीटर उंचीपासून एक तिरकी रेषा कल्पिलेली असते. घर त्या रेषेच्या आत बसवायचं. टोकियोच्या गल्ल्यांमधून फिरताना एका बाजूने तासल्यासारखी छपरं दिसतात. पाहणाऱ्याला ती आर्किटेक्टची हौस वाटते. पुष्कळदा तो कोपरा शेजाऱ्याच्या उन्हासाठी सोडलेला असतो.

इंग्लंडचा हिशेब निराळा आहे. तिथल्या १८३२ च्या कायद्याप्रमाणे एखाद्या खिडकीतून सलग २० वर्षं उजेड येत असेल, तर त्या उजेडावर हक्क सांगता येतो. म्हणजे जुन्या खिडकीला संरक्षण. काल बसवलेल्या खिडकीने काय करायचं, ते तिचं तिने बघावं.

(दृश्य: वरच्या मजल्याची बाल्कनी, खालून पाहिलेली.)

नजरेचं मात्र असं मोजमाप करता येत नाही. बाल्कनीत कुणी उभं नसलं, तरी खाली अंगणात बसलेला माणूस मान वर करून एकदा बघतोच. हळूहळू तो अंगणात बसायचाच बंद होतो. जपानच्या दिवाणी कायद्यात यावरही एक कलम आहे. हद्दीपासून १ मीटरच्या आत शेजाऱ्याच्या घरात डोकावणारी खिडकी ठेवली, तर तिला आडोसा लावावा लागतो. पण त्या मीटरच्या पलीकडे? चौदा-पंधरा फुटांवरून नजर काही अडखळत नाही.

(दृश्य: पाऊस. पन्हळीतून कोसळणारं पाणी.)

आता पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छप्पर आणि फरशी मिळून २०० चौरस मीटर झाकलं गेलं, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत ५,००० लिटर पाणी जमतं. आधी यातलं बरंचसं मातीत मुरायचं. नव्या घराचं जोतं बहुधा उंच असतं, भोवती सगळीकडे फरसबंदी असते, आणि शेजारचं जुनं घर खाली राहिलेलं असतं. पुढचं पाण्याला शिकवावं लागत नाही.

झाडाचं नुकसान उशिरा दिसतं. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटिश मानकात एक सोपा हिशेब आहे: खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि त्यातल्या मुळांना जपा. अर्धा मीटर जाडीच्या खोडाला म्हणजे ६ मीटर. झाड शेजाऱ्याच्या अंगणात असलं, तरी हे वर्तुळ कुंपणाखालून नव्या प्लॉटमध्ये येतं, आणि पायाचा खड्डा नेमका तिथेच पडतो. झाड लगेच मरत नाही. शेंडा वाळायला लागतो तोवर कंत्राटदार हिशेब चुकता करून गेलेला असतो.

(दृश्य: नकाशे, आकडे, महापालिकेचे शिक्के.)

मग नियम काय करतात? बहुतेक ठिकाणी ते क्षेत्रफळ मोजतात: सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम प्लॉटच्या किती पट. आपण ज्याला एफएसआय म्हणतो ते. लॉस एंजेलिसने २००८ मध्ये स्वतंत्र घरांच्या वस्त्यांमध्ये अशी मर्यादा घातली, पण काही अटी पाळल्या तर २० टक्के वाढीव बांधकामाची सवलतही ठेवली. सवलत असली की ती घेतली जाणारच. २०१७ मध्ये बऱ्याच वस्त्यांमध्ये मर्यादा आणखी आवळली आणि ती वाढही काढून टाकली.

एफएसआयने मजल्यांचं क्षेत्रफळ मोजलं जातं. शेजाऱ्याला भिडते ती भिंत. हद्दीला खेटून सरळ वर गेलेलं घर आणि वरचा मजला आत सरकवलेलं घर, दोघांचं क्षेत्रफळ तेवढंच भरेल. शेजाऱ्यासाठी मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून मला टेक्ससमधल्या ऑस्टिन शहराचा २००६ चा नियम जास्त शहाणा वाटतो. त्यात क्षेत्रफळाची मर्यादा होतीच, पण बाजूच्या हद्दीवर १५ फूट उंचीपासून ४५ अंशात आत कलणारी रेषाही होती. प्लॉटवर एक अदृश्य तंबू ठोकायचा आणि घर त्यात मावेल असं बांधायचं.

(दृश्य: एकाच आकाराच्या दोन इमारती. एकीला एक दार, दुसरीला तीन.)

या कहाणीला दुसरी बाजूही आहे, आणि शेजाऱ्यांना ती फारशी आवडत नाही. अमेरिकेत नव्या स्वतंत्र घराचं सरासरी क्षेत्रफळ १९७३ मध्ये १,६६० चौरस फूट होतं. २०१५ मध्ये ते २,६८७ झालं. त्याच काळात सरासरी कुटुंब तीन माणसांवरून अडीचवर आलं. एक लहान घर पाडून एक मोठं घर बांधलं, तर शहरातली घरं वाढत नाहीत. ऑस्टिनने डिसेंबर २०२३ मध्ये एका प्लॉटवर तीन घरांना परवानगी दिली, ती यासाठीच. पण गंमत अशी, की मोठ्या बंगल्याविरुद्ध सही करणारी माणसं तीन लहान घरांविरुद्धही सही करतात. कारणंसुद्धा तीच लिहितात: ऊन, गाड्या, वस्तीची कळा. सावली दोन्ही इमारतींची सारखीच पडत असेल, तर सावलीवरची हरकतही सारखीच धरावी. बाकीच्या हरकतींचं खरं कारण विचारायला हवं.

(दृश्य: टेबलावर पसरलेला आराखडा, भोवती तीन-चार माणसं.)

आराखडा कागदावर आहे तोवर थोडक्यात पुष्कळ काही निभावतं. २१ डिसेंबरच्या सावलीचा नकाशा मागता येतो. जिन्याच्या खिडकीची चौकट डोळ्यांच्या वर उचलता येते, त्याने जिना काही अंधारा होत नाही. बाल्कनी रस्त्याच्या बाजूला नेता येते. पाया झाडापासून दूर सरकवता येतो. नवं जोतं शेजाऱ्याच्या अंगणापेक्षा किती उंच, हे विचारता येतं, आणि छपराच्या पाण्याचा पाइप कुठे सोडणार, हेही. शेवटच्या प्रश्नाचा बंदोबस्त सगळ्यात स्वस्तात होतो, म्हणूनच बहुधा तो कुणाच्या लक्षात राहत नाही.