सातबारा: संगणकाआधीची माहिती प्रणाली

(दृश्य: तहसील कचेरीतली अभिलेखांची खोली. लाल कापडात बांधलेली दप्तरं.)

माहिती प्रणाली म्हटलं की संगणक आठवतो. पण या दप्तरांत ती आधीपासूनच नांदते आहे.

सातबारा म्हणजे दोन कागद. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, बोजा कुणाचा. नमुना बारा सांगतो त्यात काय पिकलं. आणि हे नाव आलं कुठून, ते विचारायचं नमुना सहाला, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीला.

(दृश्य: फेरफाराचं पान.)

समजा, वडील वारले. मुलांनी अर्ज दिला की तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी १५ दिवस. कुणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मगच सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि अडवायचा हक्क तिसऱ्याला. प्रणाली ती ही. वही किंवा संगणक तिचं नुसतं साधन.

हे न कळल्यामुळे माणसं चुकीच्या दारात उभी राहतात. संकेतस्थळावर नाव चुकलेलं दिसतं, म्हणून सेतू केंद्रात जाऊन भांडतात. तो बिचारा फक्त प्रिंट काढतो! लेखनातली चूक दुरुस्त होते १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली, तहसीलदाराच्या आदेशाने.

दुसरा गैरसमज महागात पडणारा. त्याच संहितेचं कलम १५७ म्हणतं, नोंद खोटी ठरेपर्यंत ती खरी धरायची. 'ठरेपर्यंत' हे महत्त्वाचं. सातबारा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. तरी निव्वळ उतारा बघून इसार देणारे आहेतच. जुने फेरफार, खरेदीखत कोण चाळतो?

(दृश्य: बांधावर मोबाइल धरलेली शेतकरी बाई.)

२०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. सोय मोठी, यात वाद नाही. पण माझ्या मते खरा बदल १५ ऑगस्ट २०२१ला झाला. राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि तलाठ्याने भरायचा पिकाचा रकाना शेतकऱ्याच्या हाती आला. शेतात उभं राहून फोटो काढायचा, पीक नोंदवायचं. अधिकार आला, तशी जबाबदारीही. मुदतीत नोंद राहून गेली, तर हमीभावाने विकायला नाव नोंदवताना तोच रकाना आडवा येतो.