अर्धा गुण

नमस्कार श्रोतेहो. बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो आणि बघणारे ‘छे, काहीच झालं नाही’ म्हणत उठतात. पण याच पुण्यात एप्रिल 2025 मध्ये महिला ग्रां प्री ही बुद्धिबळ स्पर्धा झाली, तेव्हा कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनर दोघींचे 9 फेऱ्यांत 7 गुण झाले आणि विजेतेपद टायब्रेकवर, म्हणजे समान गुण असताना क्रम ठरवण्याच्या निकषावर, हंपीला मिळालं. अशा स्पर्धेत हरत आलेला डाव वाचवून मिळवलेला अर्धा गुण फार मोलाचा.

तो वाचवायचा कसा? हाताशी पट असेल तर मांडा. अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ. पांढरा राजा डी-5 वर, प्यादं ई-5, हत्ती एच-7. काळा राजा ई-8 वर, म्हणजे प्याद्याच्या वाटेतच, आणि काळा हत्ती ए-6 वर. काळ्याकडे एक प्यादं कमी, तरी डाव बरोबरीचा आहे. काळा हत्ती सहाव्या ओळीवर उभा आहे तोवर पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. शेवटी पांढरा प्यादं ई-6 ला ढकलतो. आता थांबायचं नाही, काळा हत्ती थेट ए-1 वर! पांढरा राजा डी-6 ला आला की डी-1 वरून शह, ई-5 ला गेला की ई-1 वरून शह. लपायला राजाला जे घर हवं होतं, त्यावर त्याचंच प्यादं बसलंय. फिलिडोर या फ्रेंच बुद्धिबळपटूनं अठराव्या शतकात दाखवलेला हा बचाव आजही तितकाच पक्का आहे.

चूक होते ती थकव्यात. चार तास खेळल्यावर हत्ती राजाशेजारीच बरा वाटतो आणि आठव्या ओळीवर ओढला जातो. तिथे तो अडकून पडतो आणि डाव जातो. प्यादं पटाच्या कडेचं असतं तर हे एक वेळ चाललं असतं, मधल्या प्याद्यासमोर नाही.

अर्धा गुण आणखी एका जागी निसटतो. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरीचा दावा करता येतो. ती येणार असते, खेळाडू आनंदानं चाल करतो, घड्याळ दाबतो आणि मग पंचांना हाक मारतो. हक्क गेला! चाल फक्त कागदावर लिहायची, मोहऱ्याला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवून पंचांना सांगायचं. स्थिती सलगच यायला हवी असं नाही. खेळी मात्र त्याच बाजूची हवी, कॅसलिंगचे, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे, हक्कही तेच हवेत. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला 2 मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते.