पक्षकार कबुली देतो तेव्हा

विद्यार्थी मित्रांनो, सत्र न्यायालयात हयात घालवलेल्या वकिलाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे गुन्हा घडल्याचे ठाऊक असूनही तुम्ही आरोपीचा बचाव कसा करता. ‘दोषी कोण हे न्यायालय ठरवते’ हे नेहमीचे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे, कारण कधीकधी आरोपीच चेंबरचे दार लोटून घेतो आणि म्हणतो, “साहेब, माझ्या हातून झालंय.”

१८४० साली लंडनमध्ये कुर्व्हाझिए या नोकरावर त्याचे धनी लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला चालला. सुनावणी ऐन भरात असताना त्याने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांच्यापाशी कबुली दिली, मात्र बचाव सोडायला तो तयार नव्हता. फिलिप्स यांनी त्याच न्यायासनावर बसलेले न्यायमूर्ती पार्क यांचा सल्ला घेतला, तेव्हा पुराव्यातून निघणारे सर्व रास्त मुद्दे मांडणे हे तुमचे कर्तव्यच आहे, असे त्यांनी सांगितले. कुर्व्हाझिएला फाशी झाली. फिलिप्स यांच्यावर मात्र, सत्य कळल्यावरही निरपराध मोलकरणीकडे बोट दाखवल्याचा आरोप पुढे अनेक वर्षे होत राहिला. पार्क यांचा सल्ला मला योग्य वाटतो, पण तो मागायला न्यायासनापर्यंत जाणे मुळीच पटत नाही, कारण ते गुपित पक्षकाराचे होते.

आपल्याकडे हे गुपित १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम १२६ राखत असे. १ जुलै २०२४ पासून ते काम भारतीय साक्ष अधिनियमातील कलम १३२ करते. आरोपीच्या अपराधाविषयी स्वतःचे मत काहीही असले तरी वकिलाने त्याचा बचाव करावा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये या कायद्याशी त्याची निष्ठा असते, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. मात्र हा बचाव उचित आणि सन्मान्य मार्गांनीच करायचा, हेही तोच नियम सांगतो. म्हणून कबुलीनंतरही मी पंचनाम्याची वेळ तपासतो, मुद्देमालाच्या सीलवर प्रश्न विचारतो. परंतु आरोपी त्या रात्री परगावी होता असे सांगणारा साक्षीदार उभा करत नाही, मग पक्षकाराने वकीलपत्र काढून घेतले तरी चालेल.

खरी कसोटी उलटतपासणीच्या शेवटी लागते. आपल्या न्यायालयांतील जबाब बहुधा एका ठरलेल्या वाक्याने संपतात, ‘मी आरोपीविरुद्ध खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ हे वाक्य येते ते बचावाच्या वकिलाने तशी सूचना केलेली असते, म्हणजे ‘तुम्ही खोटी साक्ष देत आहात’ असे साक्षीदारापुढे मांडलेले असते म्हणून. सूचना केली नाही तर साक्ष मान्य केली असा अर्थ निघेल, ही धास्ती असते आणि ती अनाठायी नाही. पण समोरची बाई खरे बोलते आहे हे मला पक्के ठाऊक असेल, तर तिला भर न्यायालयात खोटारडी ठरवण्याचा अधिकार मला कोणत्याही वकीलपत्राने मिळत नाही. तिथे अंतर किती होते, उजेड कशाचा होता, ओळखपरेड किती दिवसांनी झाली, हे मी विचारतो आणि अशा परिस्थितीत ओळख पटवण्यात तुमची चूक झाली असावी, एवढीच सूचना करतो. तेवढ्याने साक्षीला आव्हान दिल्याची नोंद होते, पुरावा कच्चा असेल तर तो तिथेच उघडा पडतो, आणि पक्का असेल तर टिकतो.