जाताना ‘येते’ म्हणणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ म्हटलं तर आई रागावते. आपण नाशिककर तर ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणूनच पायरी उतरतो. पण परतायचं घरच ज्याच्या हाती उरलं नाही, त्यानं काय म्हणायचं?

अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ ही कादंबरी १९८८ची. तिच्यातली ठाम्मा, म्हणजे आजी, मूळची ढाक्याची. फाळणीनं ढाका परदेश झाला, ती कलकत्त्यात. ढाक्याला निघायची बोलणी चालू असताना ती विचारते, विमानातून सीमा दिसेल का? खंदक नाही, रेघ नाही, मग कळणार कसं? आणि बोलताबोलता ढाक्याला ‘जाणं’ म्हणायच्या जागी ‘येणं’ म्हणून जाते. नातू थट्टा करतो, तुला येणं-जाणं यातला फरकच कळत नाही! मला वाटतं, तिला तो फार नीट कळत होता.

नायपॉल यांचा मिस्टर बिस्वास आणखी लांबचा. हिंदुस्थानातून करारानं त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांचा हा वंशज. १९६१च्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीत तो जन्मभर हक्काचं छप्पर शोधतो. बायकोच्या माहेरच्या गोतावळ्यात राहताना नाताळला लेकीसाठी बाहुलीघर आणतो. एकीलाच एवढं का, म्हणून घरभर धुसफूस होते आणि शेवटी त्याची बायकोच ते मोडून टाकते. ते पान मला अजून सलग वाचवत नाही. पुढे घर मिळतं, तेही कर्जाचं, दारं धड न लागणारं. पण मरण येतं ते त्या स्वतःच्या घरात.

धरणग्रस्तांवरची विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचली, तेव्हा मला माझी आजी दिसली. तिचं गाव धरणात गेलं. निघताना तिनं घराची सागवानी चौकट उंबरठ्यासकट उपटून बैलगाडीत घातली. नव्या प्लॉटवरच्या खोलीला ती मोठी झाली. गवंडी म्हणाला, कापून देतो. आजीनं कापू दिली नाही. भिंतच चौकटीच्या मापानं उंच बांधून घेतली.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की देवळाचा चौथरा उघडा पडायचा. मग आजी नारळ घेऊन निघायची. त्या उंबरठ्यावर थांबून म्हणायची, ‘घरी जाऊन येते गं.’